पाटी आधी, पावती मग

धोंडूभाऊ वायरमन दुकानात शिरले की महाडच्या बाजारपेठेतला विजेच्या सामानाचा दुकानदार कपाळाला हात लावायचा. "आले! आता अर्धा दिवस गेला माझा," असं तो त्यांच्या तोंडावर म्हणायचा. धोंडूभाऊंना त्याचं काही वाटायचं नाही. बरोबर आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी बाकड्यावर बसवत, खिशातून घड्याळजीचं असतं तसलं भिंग काढत, आणि टांगलेला दिवा खाली उतरवून, उलटा करून, त्याच्या बुडाची पाटी शोधायला लागत. गिऱ्हाइकाला दिव्याची घडण आवडलेली असे, काचेवरची फुलं आवडलेली असत. धोंडूभाऊ त्या फुलांकडे बघायचेसुद्धा नाहीत.

"धोंडू, दिवा बघायला आलायस की मुलगी बघायला?" दुकानदार वैतागून विचारायचा.

"मुलगी बघताना आधी पत्रिका मागता ना शेट? मग हीपण सूनच हाय. एकदा भितीत जोडली की रोज उठून माहेरी धाडता येत नाय."

पाटीवरचा आकडा मनासारखा निघाला की भिंग खिशात टाकून ते म्हणत, "हां, आता कर पावती. पाटी आधी, पावती मग." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. महाडातली पोरंटोरं त्यांना रस्त्यात बघून हेच ओरडायची, आणि ते हात वर करून "शाब्बास!" म्हणायचे.

त्यांची माझी ओळख पन्नास सालानंतरची. मी पोलादपूरच्या पलीकडल्या एका गावचा. गावाचं नाव सांगत नाही. गावाचा त्यात काही दोष नव्हता, दोष माझा होता. मॅट्रिक झाल्यावर महाडला एका भाताच्या गिरणीत कारकून म्हणून लागलो आणि सावित्री नदीच्या अंगाला एक खोली घेतली. शेजारच्या खोलीत धोंडूभाऊ आणि वहिनी. ते मूळचे जवळच्याच नाते गावचे. मुंबईला कापडगिरणीत वायरिंगचं काम शिकले, तिथल्या हवेनं छाती धरली म्हणून परत आले. माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे. अंगकाठी किडकिडीत, खाकी सदरा, डावी भुवई अर्धी जळालेली. ती कशी जळाली, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "एकदाच पाटी वाचली नव्हती. मुंबईत. ती फी भरली."

कामाला निघाले की एका हातात अवजारांची पिशवी आणि दुसऱ्या काखेत जेवायला बसायचा लाकडी पाट. खरं सांगतो, पाट! कुणाच्याही घरी वायरला हात लावायचा तर आधी तो पाट खाली ठेवायचा, त्यावर उभं राहायचं, मग काम. लाकडावर उभं राहिलं म्हणजे धक्का बसला तरी जीव वाचतो. लोक हसायचे. "वहिनी, पान वाढा, धोंडू पाट घेऊनच आलाय!" धोंडूभाऊसुद्धा हसायचे आणि खरोखर जेवायला थांबायचे.

त्यांच्या पिशवीत एका फळकुटावर शेजारी शेजारी बसवलेले दोन बल्ब असत. एकाच तारेत, एकामागं एक. वीज आलीय का गेलीय ते बघायला. मी विचारलं, दोन कशाला, एक पुरणार नाही का? तर म्हणाले, "ह्या जावा-जावा हायत. कुठं चुकून दुप्पट दाब लागला तर एकटी जळून जाईल. दोघींनी वाटून घेतला म्हंजे निभतं." मग मला ते दाब म्हणजे काय ते सांगायला लागले. संध्याकाळी ओटीवर बसून पुष्कळदा सांगायचे. "ओहोळाच्या पाण्यावर जगणारा वाफा असतो बघ. त्याच्यात सावित्रीचा पूर सोडलास तर वाफा ऱ्हाईल का? दिव्याचं तसंच. आपल्या तारेत दोनशे तीसचा दाब हाय. दिवा तेवढ्याचाच हवा. दिसायला दोन दिवे सारखे असतील रे, पण एक ओहोळाचा आणि एक नदीचा. ते पाटीबिगर कळायचं नाय."

हे सगळं मी ऐकलेलं आहे. एकदा नाही, पन्नास वेळा. पुढे जे केलं ते अजाणतेपणी केलं असं म्हणायची सोय मला नाही, म्हणून हे इथेच लिहून ठेवतो.

गंमत अशी, की धोंडूभाऊंना इंग्रजी वाचता येत नव्हतं. आकडे तेवढे यायचे. पण पाटीवर आकडे चार ठिकाणी असतात, त्यातला दाबाचा कुठला? त्याची त्यांनी आपली युक्ती काढली होती. इंग्रजी व्ही म्हणजे एक चोच, डब्ल्यू म्हणजे दोन चोची. एका चोचीच्या आधी असेल तो दाब. दोन चोचींच्या आधी असेल ती भूक, म्हणजे दिवा किती वीज खाणार ते. "एक चोच दाबाची, दोन चोची खाण्याच्या," असं पुटपुटत ते भिंग फिरवायचे. या चोचींच्या जोरावर त्यांनी सबंध महाडात दिवे लावले आणि एक फुकट जाऊ दिला नाही.

नाही म्हणायला एका सुभेदारांशी त्यांचं वाजलं होतं. लष्करातून निवृत्त होऊन आलेले, दार उघडलं तरी शेजारची कुत्री गप्प बसतील असा आवाज. त्यांनी कुठल्याशा लिलावातून भिंतीचा एक झकास दिवा आणला. धोंडूभाऊंनी पाटी वाचली आणि पाट उचलून काखेला मारला. "साहेब, हा लॉरीतला दिवा हाय. चोवीसचा. तारेला लावला तर बार उडंल."

"लाव म्हणतो ना! हुकूम आहे माझा!"

"हुकूम तुमचा साहेब, पण हात माझा. उद्या जळला तर लोक सुभेदाराला नाय विचारायचे, धोंडूला विचारतील. आणि बरोबरच हाय. जोडतो त्याची चूक."

सुभेदार आठ दिवस रस्त्यात तोंड फिरवून जात. नवव्या दिवशी धोंडूभाऊ त्यांच्या घरी गेले ते कुणाच्या तरी लॉरीची बॅटरी हातगाडीवर घालून. अंगणात बॅटरीला तो दिवा जोडला. लख्ख लागला. "बघा साहेब, दिवा फर्मास हाय. चुकीच्या घरी दिला होता एवढंच." सुभेदारांनी त्यांना आत बसवून चहा पाजला, आणि पुढं त्यांच्या घरचं एक बटणसुद्धा धोंडूभाऊंना विचारल्याशिवाय आलं नाही.

त्यांची एकच हौस होती. ओटीवर बसल्यावर कधीमधी बोलून दाखवायचे. "शांताराम, महाडात मी एकाकडं एक दिवा लावतो, दुसऱ्याकडं दुसरा. सगळं तुकड्यातुकड्याचं काम. मला एक अख्खं गाव लावायचं हाय. पहिल्या घरापास्नं शेवटच्या गोठ्यापर्यंत. सगळं माझ्या हातचं. मग देवानं नेलं तरी चालंल." मी म्हणायचो, "आमच्या गावात खांब येऊ देत, तुम्हालाच बोलावतो." ते लगेच हात पुढं करायचे. "वचन?" "वचन."

पुढे मला मुंबईला एका गोदीच्या गुदामात नोकरी लागली आणि मी गेलो. साठ सालानंतर पोलादपूरच्या पुढे खांब आले. आमच्या गावचं मुंबईत मंडळ होतं, तसं सगळ्याच गावांचं असतं. गावात राहणाऱ्यांपेक्षा गावाची काळजी करणारे मुंबईत जास्त. मंडळाच्या खोलीत ठरलं, की वीज पहिल्यांदा कुणाच्या घरात नाही, जाखमातेच्या देवळात लागेल. सभामंडपात मोठा दिवा मंडळातर्फे. आणि वायरमन? मी छाती पुढं काढून सांगितलं, महाडचे धोंडूभाऊ. देऊळ नीट झालं की घरांचं कामसुद्धा त्यांनाच. सगळ्यांनी माना डोलावल्या. वचन पाळल्याचं मोठं समाधान वाटलं मला. दिवा घ्यायचं काम मंडळानं माझ्याकडंच दिलं, कारण मी इंग्रजी वाचणारा.

धोंडूभाऊंचं कार्ड आलं. ते अजून मला तोंडपाठ आहे. "चि. शांताराम यास आशीर्वाद. तू शब्द राखलास. दिवा घेण्याआधी पाटीवरचे आकडे दिसतील तसे काढून धाडणे. मी हो म्हटल्याबिगर घेऊ नये. पाटी आधी, पावती मग. परवा तुझ्या आईस भेटलो, बरी आहे. धोंडू."

मुंबईत दारूखाना बंदरावर जुन्या बोटी मोडतात. तिथल्या एका दुकानात मला तो दिवा दिसला. बोटीवरच्या जेवणघरातला असावा. पितळेचं भलंमोठं कडं, त्याला आठ फांद्या, प्रत्येक फांदीवर मेणबत्तीसारखा निमुळता बल्ब. तसले बल्ब आपल्या बाजारात बघायलासुद्धा मिळत नाहीत. मी बघतच राहिलो. हा जाखमातेपुढं लागला, की पंचक्रोशीत नाव होईल. कुणाचं? देवीचं नाही हो. माझं. कड्याच्या कडेला चार स्क्रूंनी बसवलेली एक छोटी पितळी पाटी होती. मी वाचली. एका चोचीच्या आधी एकशे दहा.

दुकानदार म्हणाला, "सब चलता है साब. और एक पार्टी शाम को आ रही है." संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार. कार्ड महाडला जाऊन परत यायला आठवडा. आणि एकशे दहा कळवले तर धोंडूभाऊ काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. निदान असं मला वाटत होतं. मी दिवा घेतला. मंडळात विचारलं, "वायरमनला विचारलंस ना?" मी म्हटलं, "विचारलं. चालतो म्हणाले."

झालं. पहिलं खोटं एवढंच होतं, आणि ते मला मुळीच जड गेलं नाही.

दिव्याला पॉलिश करून घेतलं. मंडळाच्या आठ जणांची नावं कोरलेली पाटी करायची टूम निघाली. ती कुठं बसवायची? ती जुनी पाटी होती ना, बरोब्बर त्याच जागी, त्याच चार स्क्रूंत. जुनी काढून कारागिराने माझ्या हातात दिली, ती मी खिशात टाकली. नव्या पाटीवर पाचवं नाव माझं होतं.

दिवा गावात पोचला तेव्हा धोंडूभाऊ चार दिवस आधीच येऊन राहिले होते. देवळातलं वायरिंग असं सुबक केलं होतं, की गुरवसुद्धा भिंतीवरून हात फिरवून बघायचा. माझ्या आईच्या घरी जेवायचे. घराघरांत जाऊन, कुठल्या कोपऱ्यात दिवा हवा ते म्हाताऱ्यांना विचारून खडूने भिंतीवर फुल्या मारून ठेवल्या होत्या. गोठ्यांतसुद्धा. दिवा बघून त्यांचे डोळे चमकले. "अरे बाबा, हा तर राजाघरचा!" म्हणाले, आणि लगेच भिंग काढलं.

कडं उलटं केलं. भिंगाखाली आमची आठ नावं आली.

मग त्यांनी एकेक बल्ब उजेडाला धरला. काचेवरचे छाप बोटीवरच पुसून गेले होते. "इथं एक दिसतोय," ते म्हणाले. "एकच्या पुढं काय ते कळत नाय." त्यांनी पिशवीतून जावा-जावांचं फळकूट काढलं. "लावायच्या आधी एक बल्ब पेटवून बघतो."

"आँ? काय करतोस रे?" तुकारामदादा ओरडले. ते आमच्या गावातले सगळ्यांत वडीलधारे, देवीच्या कामात त्यांचाच शब्द. "देवीसाठी आणलेला दिवा आधी पेटवून बघतोस? चाखून बघितलेला निवद चालतो का देवीला? उष्टा दिवा नाय चालायचा."

"दादा, एकच बल्ब..."

"एक घास खाल्ला तरी उष्टंच."

आता यावर काय बोलणार? गावातल्या कुणालाच ते वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलासुद्धा बरंच वाटलं. धोंडूभाऊंनी फळकूट पिशवीत ठेवलं आणि माझ्याकडं वळले. मंडळाचे अध्यक्ष शेजारी उभे, तुकारामदादा उभे, निम्मं गाव उभं.

"शांताराम, मूळची पाटी कुठाय?"

"काढली. नावांची बसवायला."

"तिच्यावर काय होतं?"

पाटी मुंबईला माझ्या ट्रंकेत होती. मी एकशे दहा म्हटलं असतं तर अध्यक्षांनी तिथल्या तिथं विचारलं असतं, मग वायरमनने हो कसं म्हटलं? म्हणून मी म्हणालो, "दोनशे तीस."

"नीट वाचलंस? एका चोचीच्या आधी?"

"धोंडूभाऊ," मी म्हणालो, "मला इंग्रजी येतं. मी तुमच्यासारखा चोची मोजत बसत नाही."

लोक हसले. अध्यक्ष तर पोट धरून हसले. धोंडूभाऊसुद्धा थोडे हसले, आणि भिंग खिशात ठेवत म्हणाले, "बरं तर. तू वाचलंस म्हंजे मी वाचलं." आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः पाटी न वाचता दिवा जोडला.

दिवेलागणीला सगळं गाव सभामंडपात जमलं. देवीपुढं निवद मांडलेला. धोंडूभाऊ दिव्याखाली आपल्या पाटावर उभे. रबरी वहाणा देवळाबाहेर काढाव्या लागल्या होत्या, पाट तेवढा होता. अध्यक्षांनी बटण दाबलं.

क्षणभर असा पांढराशुभ्र उजेड पडला, की देवीच्या मुखवट्यावरची शेंदराची रेघन्‌रेघ दिसली. "आई गो!" असा बायकांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. म्हाताऱ्यांनी हात जोडले. आणि फट्... फट्... फट्... आठही बल्ब फुटले. काचा निवदात पडल्या, बायकांच्या डोक्यांवर पडल्या. पोरं रडायला लागली. मग नुसती समई उरली.

पहिल्यांदा तुकारामदादा बोलले. "नको म्हणते देवी." मग कुणीतरी म्हणालं, "देवी कशाला नको म्हणेल? वायरमनला काय येतं का बघा आधी!" एकदम गिल्ला झाला. अध्यक्षांनी माझा दंड धरला. "तू पाटी वाचली होतीस ना?"

तेव्हा बोलता आलं असतं. अजून वेळ गेली नव्हती. आठ बल्ब फुटले होते, बाकी काही नाही. माझी छीथू झाली असती, महिनाभर लोक बोलले असते, विसरले असते. मी धोंडूभाऊंकडं बघितलं. ते पाटावर बसून समईच्या उजेडात फुटलेल्या बल्बची पितळी टोपी भिंगाखाली धरून बघत होते. आणि मी म्हणालो, "वाचली होती. बरोबर होती. जोडण्यात काहीतरी चुकलं असणार."

धोंडूभाऊंनी मान वर केली. माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग ती टोपी खिशात टाकली आणि उठून तुकारामदादांसमोर उभे राहिले.

"दादा, हात माझा. चूक माझी."

त्या रात्री त्यांना कुणी जेवायला थांबा म्हटलं नाही. माझी आई एकटी ताट घेऊन देवळात गेली. परत आल्यावर ती चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "धोंडू असा चुकायचा नाय रे. घरातल्या फुल्या बघ, कशा ओळंब्यानं मारल्यात." मी म्हटलं, "माणूस चुकतो गो कधी." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मला वाटतं तिला कळलं होतं. मरेपर्यंत तिनं तो विषय काढला नाही, आणि मी तर कशाला काढतोय!

सकाळी एस.टी.च्या वाटेवर धोंडूभाऊ भेटले. काखेत पाट, हातात पिशवी. त्यांनी मूठ उघडून ती पितळी टोपी मला दाखवली. आतल्या कडेला बारीक आकडा होता. मी बघितल्यासारखं केलं.

"एकशे दहाचे होते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "दोन-दोन एकामागं एक जोडले असते तर वर्षानुवर्षं जळले असते. जावा-जावा. तासाभराचं काम होतं, साहेब. नुसतं सांगायचं होतं."

मला त्यांनी कधी साहेब म्हटलं नव्हतं. कायम अरेतुरे, हक्कानं. आणि मी काय उत्तर द्यावं? मी म्हणालो, "चला, एस.टी. चुकेल." हे मी म्हणालो!  ते म्हणाले, "हो हो, तुम्ही व्हा पुढं."

घरांचं काम दुसऱ्या एका ठेकेदाराला गेलं. त्याने खडूच्या फुल्यांवरूनच दिवे लावले, म्हातारे त्याची तारीफ करायचे, किती बरोबर जागी लावलेत म्हणून. बातमी तर पायाला चाकं लावून फिरते. पोलादपुरात गेली, तुडीलला गेली, बिरवाडीला गेली. देवीचा दिवा फोडणारा वायरमन. खांब गावोगाव जात होते, आणि कुठल्याच गावाने धोंडूभाऊंना बोलावलं नाही. महाडातले जुने लोक तेवढे बोलवत. सुभेदार तर चारचौघांत ओरडले म्हणे, "धोंडू पाटी वाचल्याशिवाय जोडणार नाही! यात काहीतरी भानगड आहे!" पण सुभेदारांचं ओरडणं कोण मनावर घेतं? ते कशावरही ओरडायचे. त्यांच्या एकट्याचंच खरं होतं, आणि ते मला एकट्याला ठाऊक होतं.

मी महाडवरून जाताना एस.टी.तून उतरत नसे. खिडकीकडची जागा घेत नसे. असली माझी शूरता.

साठ सालानंतरचं दशक सरत आलं तेव्हा कळलं, की धोंडूभाऊंची दृष्टी गेली. मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन बिघडलं. त्या काचांचा आणि डोळ्यांचा काही संबंध नाही ना, हे मी मुंबईत एका डॉक्टरला विचारून घेतलं. नाही म्हणाला. केवढा मोकळा श्वास घेतला मी! आणि मग माझीच मला अशी किळस आली, की ट्रंक उघडून ती पाटी काढली आणि दुसऱ्या दिवशी महाडला उतरलो.

संध्याकाळ होत होती. तीच खोली, तीच ओटी. वहिनी नदीवर गेल्या होत्या. धोंडूभाऊ दारात बसले होते. माझी चाहूल लागली तशी मान कलती केली.

"कोण?"

"शांताराम."

"या, या." उठून त्यांनी भिंत चाचपली आणि कोपऱ्यातून एक पाट ओढला. तोच पाट, खिळ्यांची डोकी झिजून चकचकीत झालेली. "बसा. आता ह्याच्यावर पाव्हणेच बसतात."

आईचं विचारलं. गेली म्हणालो. "तिनं त्या दिवशी ताट आणलं होतं," ते म्हणाले.  मी खिशातून पाटी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. 

त्यांनी ती आधी तोलून बघितली. मग अंगठा हळूहळू फिरवायला लागले, अक्षरांवरून, आकड्यांवरून. पूर्वी भिंग फिरवायचे तसा. ओठ हलत होते. "एक... एक... शून्य." अंगठा जरा पुढं सरकला. "आणि ही चोच."

मी वाट बघत होतो. शिवी दिली असती तर पाय धरले असते.

"ही घ्यायच्या आधी दाखवायची असते," ते म्हणाले, आणि पाटी परत माझ्या हातात दिली. आवाज तोच, दुकानात नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगायचा.

"धोंडूभाऊ, मी गावात जाऊन सांगतो. सगळ्यांना सांगतो."

"कुणाला? तुकारामदादा गेला. तुमचे अध्यक्ष गेले. बाकीच्यांच्या घरात दिवे लागलेत, चांगले लागलेत, त्यांना काय पडलीय." मग त्यांनी विचारलं, "त्या ठेकेदारानं खडूच्या फुल्यांवरच दिवे लावले म्हणतात. खरं काय?"

"खरं. सगळे तिथंच आहेत. गोठ्यातलेसुद्धा."

"गोठ्यातलेसुद्धा," ते म्हणाले. मग पुष्कळ वेळ नुसती मान हलवत राहिले.

मी गावात सांगितलं नाही. त्यांनी नको म्हटलं त्याचाच आधार घेतला. आज हे लिहितोय ते पहिल्यांदा, आणि तेसुद्धा गावाचं नाव गाळून.

निघायला उठलो तेव्हा अंधारलं होतं. धोंडूभाऊ उठले, भिंतीवरून हात सरकवत बटणापर्यंत गेले आणि ओटीवरचा दिवा लावला. "तुम्हाला पायरी दिसायची नाय," म्हणाले. त्या दिव्याचा त्यांना स्वतःला काही उपयोग नव्हता. मी वाकून नमस्कार केला. त्यांना तो दिसला नाही, आणि केला असं सांगायची माझी छाती झाली नाही.

बोळाच्या कोपऱ्यावर थांबून मी मागं बघितलं. ते अजून दिव्याखाली उभे होते, एक हात बटणावर, कान माझ्या वहाणांच्या आवाजाकडं. मी थांबलो तसा आवाज थांबला. मी गेलो असं त्यांना वाटलं. त्यांनी दिवा बंद केला आणि आत वळले.